बनावट, विस्मरण आणि रिवाया : जाहिली काव्याच्या वादाचे पुनर्वाचन

ताहा हुसेन (१८८९-१९७३) यांचा ‘फी अश्-शिअर अल्-जाहिली’ (‘जाहिली काव्याविषयी’) हा ग्रंथ १९२६ साली कैरोत प्रसिद्ध झाला. इस्लामपूर्व काळातील, म्हणजे जाहिलिय्येतील, म्हणून अरबांनी शतकानुशतके जतन केलेल्या काव्यापैकी फार मोठा भाग त्या काळाचा नाहीच; तो इस्लामच्या उदयानंतर रचला गेला आणि जुन्या कवींच्या नावांवर घातला गेला, असे त्याचे मुख्य प्रतिपादन होते. ग्रंथावर खटल्याची पाळी आली, तो बाजारातून काढून घेतला गेला आणि पुढील वर्षी ‘फी अल्-अदब अल्-जाहिली’ (‘जाहिली साहित्याविषयी’) या नावाने सुधारून व वाढवून पुन्हा निघाला. तेव्हापासून या ग्रंथाची चर्चा विचारस्वातंत्र्य विरुद्ध धर्मपीठ अशा चौकटीत होत आली आहे. ही चौकट खोटी नाही. परंतु तिच्यामुळे ग्रंथाने उभा केलेला साहित्यशास्त्रीय प्रश्न मागे पडला. ज्या काव्याची मूळ लिखित प्रत नाही, जे दोनअडीचशे वर्षे मुख्यतः मुखपरंपरेने चालत आले, त्या काव्याच्या संदर्भात ‘अस्सल’ या शब्दाचा अर्थ काय होतो? ताहा हुसेन यांनी हा प्रश्न ज्या धैर्याने विचारला त्या धैर्याला साजेशी संकल्पनात्मक सामग्री त्यांच्यापाशी होती का, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रश्नाचे गांभीर्य समजण्यासाठी अरबी ज्ञानव्यवहारात या काव्याला असलेले स्थान ध्यानात घ्यावे लागते. काव्य हे अरबांचे ‘दिवाण’ आहे, असे परंपरा म्हणते. दिवाण म्हणजे नोंदवही, दफ्तर. वंशावळी, लढाया, वैरे, पाणवठ्यांची नावे, सगळे या दफ्तरात नोंदलेले. शिवाय आठव्या शतकात अरबी व्याकरण घडू लागले तेव्हा त्याने प्रमाण मानले ते कुराण आणि हे जुने काव्य. सीबवैहीच्या ‘अल्-किताब’ या आद्य व्याकरणग्रंथात हजाराहून अधिक काव्यपंक्ती आधार म्हणून आल्या आहेत. अशा पंक्तीला ‘शाहिद’, म्हणजे साक्षीदार, ही संज्ञा आहे. कुराणातील दुर्बोध शब्दांचा अर्थ लावतानाही भाष्यकार हेच साक्षीदार उभे करतात. साक्षीदारच बनावट निघाला तर व्याकरण, कोश आणि भाष्य या तिन्ही इमारतींचा पाया हलतो. ताहा हुसेन यांनी तर क्रमच उलटा केला: जाहिली जीवन शोधायचे असेल तर ते जाहिली काव्यात न शोधता कुराणात शोधावे, कारण त्या काळाचा निःसंशय अस्सल दस्तऐवज तोच. या प्रतिपादनात कुराणाच्या प्रामाण्याला धक्का नव्हता. पण कुराणाच्या भोवती उभारलेल्या विद्येला मात्र होता, आणि ती विद्या ज्यांच्या हाती होती त्यांना हा फरक अर्थातच दिलासा देणारा वाटला नाही.

ग्रंथाची मांडणी वकिली थाटाची आहे. देकार्तच्या संशयपद्धतीचा आरंभीच उच्चार करून लेखक सांगतो की, अभ्यासकाने संशोधनापुरते आपले राष्ट्रीयत्व आणि धर्म विसरावा. नंतर बनावट काव्य निर्माण होण्याची पाच कारणे येतात: टोळ्यांची राजकीय अस्मिता, धर्म, कथेकरी, बिगर-अरबांची ‘शुऊबिय्या’ ही प्रतिअस्मिता, आणि खुद्द काव्याचे पाठक, म्हणजे रावी. देकार्तचे नाव जरा मोठ्याने घेतले आहे, हे मान्य करावे लागते. पद्धत प्रत्यक्षात देकार्तची कमी आणि एकोणिसाव्या शतकातील युरोपीय भाषाविद्येची अधिक आहे. ताहा हुसेन यांची घडण दुहेरी होती. अल्-अझहरमध्ये सय्यद अल्-मर्सफी यांच्यापाशी त्यांनी जुन्या काव्यसंग्रहांचे शब्दशः, पंक्तिशः अध्ययन केले. नव्या इजिप्शियन विद्यापीठात नल्लिनो या इटालियन प्राच्यविद्यापंडिताकडून साहित्येतिहासाची पद्धत घेतली. १९१४ साली अबुल अला अल्-मअर्री या अंध कवीवर प्रबंध लिहून तेथील डॉक्टरेट मिळवली आणि नंतर पॅरिसला इब्न खल्दूनवर दुसरा प्रबंध लिहिला. नोएल्डेके आणि आल्वर्ट या जर्मन पंडितांनी जाहिली काव्याच्या प्रामाण्याविषयीचे प्रश्न १८६० आणि १८७०च्या दशकांत मांडलेले होते, आणि मार्गोलियथ यांचा याच विषयावरील इंग्रजी निबंध १९२५मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यामुळे ‘हे सारे उसने आहे’ हा आरोप लगेच झाला. आरोपात फारसा अर्थ नाही. परक्याने संशय घेणे आणि त्याच भाषेत, त्याच पाठांतरावर वाढलेल्या माणसाने तो घेणे, या दोन वेगळ्या घटना आहेत.

खटल्याविषयी थोडक्यात सांगणे पुरे. इब्राहिम व इस्माईल यांचा उल्लेख धर्मग्रंथांत आहे एवढ्याने त्यांचे ऐतिहासिक अस्तित्व सिद्ध होत नाही, या आशयाच्या विधानावरून तक्रारी झाल्या. खलिफापदाच्या धार्मिक आधारावर प्रश्नचिन्ह लावणाऱ्या अली अब्दुर् राझिक यांची अझहरने आदल्याच वर्षी पदवी काढून घेतली होती, त्यामुळे वातावरण तापलेले होतेच. सरकारी वकील मुहम्मद नूर यांनी मार्च १९२७मध्ये गुन्हेगारी हेतू नसल्याचे नमूद करून प्रकरण बंद केले. नूर यांचा अहवाल आजही वाचण्यासारखा आहे, कारण तो एका कायदेपंडिताने केलेले ग्रंथपरीक्षणच आहे. अर-राफिई, फरीद वज्दी, अल्-गम्रावी आदींची खंडनपर पुस्तके निघाली, त्यांपैकी पुष्कळांत संतापच अधिक आहे. पण काही आक्षेप नेमके होते आणि ते ग्रंथाच्या वर्मी लागणारे होते.

त्यांतला भाषेसंबंधीचा आक्षेप विशेष महत्त्वाचा. ताहा हुसेन यांचा युक्तिवाद असा: इम्रुल कैस हा किन्दा टोळीचा, किन्दा ही मूळची यमनी, आणि यमनची भाषा हिम्यरी. हिम्यरी ही उत्तरेच्या अरबीहून वेगळी भाषा आहे, हे शिलालेखांवरून ज्ञात आहे. मग या यमनी राजपुत्राचे काव्य कुरैशांच्या निर्दोष अरबीत कसे? आधारासाठी त्यांनी आठव्या शतकातील पंडित अबू अम्र इब्न अल्-अला याचे वचन घेतले. टीकाकारांनी दाखवून दिले की ते वचन मुळात हिम्यर आणि यमनच्या दूरच्या प्रदेशांपुरते आहे, आणि त्यात ‘त्यांची अरबी आपल्या अरबीसारखी नाही’ असा आशय आहे. ताहा हुसेन यांच्या अवतरणात ‘अरबी’च्या जागी ‘भाषा’ हा शब्द आला. एका शब्दाच्या या बदलाने बोलीभेदाचे रूपांतर भाषाभेदात झाले. रावींनी शब्द बदलले असा आरोप करणाऱ्या ग्रंथातच हे घडावे, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे. नंतरच्या पुरातत्त्वीय संशोधनाने युक्तिवादाचा उरलेला भागही दुबळा केला. मध्य अरबस्तानातील करयत अल्-फाव हे किन्दांचे महत्त्वाचे ठाणे १९७०च्या दशकापासून उत्खनित झाले. तेथे दक्षिणी लिपीत कोरलेला, पण अरबीला अगदी जवळच्या भाषेतला, इसवी सनापूर्वीच्या काळात नेता येण्याजोगा लेख मिळाला आहे. सीरियातील नमारा येथील इ.स. ३२८चा लेख तर नबाती लिपीत असूनही भाषेने अरबीच आहे. वंशावळीत यमनी असलेली टोळी भाषेनेही हिम्यरी असलीच पाहिजे, हे गृहीतक टिकत नाही. आणि गंमत अशी की वंशावळी या बहुतांशी रचलेल्या असतात, हे तर ताहा हुसेन यांचेच म्हणणे.

याउलट इम्रुल कैसच्या चरित्राविषयीची त्यांची उपपत्ती आजही अभ्यसनीय आहे. बापाच्या खुनाचा सूड घेण्यासाठी टोळ्याटोळ्यांतून हिंडणारा, अखेर बिझँटियमच्या सम्राटाकडे मदत मागायला जाणारा आणि परक्या मुलखात मरणारा हा भटका राजपुत्र त्यांना अब्दुर् रहमान इब्न अल्-अशअस या ऐतिहासिक व्यक्तीची छाया वाटला. हाही किन्दाचाच, उमय्या सत्तेविरुद्ध इ.स. ७००च्या सुमारास बंड करणारा, पराभवानंतर परक्या राजाच्या आश्रयाला गेलेला. कथेकऱ्यांनी अलीकडच्या बंडखोराची शोकान्तिका प्राचीन पूर्वजाच्या अंगावर चढवली, अशी ही कल्पना. सिद्ध करता येणार नाही, पण तीत आख्यानाच्या घडणीची खोल जाण आहे. येथे एक भेद मात्र करायला हवा होता, तो त्यांनी केला नाही. अरबी परंपरेत कवितेबरोबर तिची ‘खबर’ चालत येते: कविता कोणी, कधी, कोणत्या प्रसंगी म्हटली याची गोष्ट. (मराठीतील ‘बखर’ याच शब्दाच्या वर्णविपर्ययाने झाली, असे एक मत आहे.) कविता वृत्त आणि यमक यांनी बांधलेली असते, खबर मोकळ्या गद्यात असते, त्यामुळे दोहोंचे आयुष्य सारखे नसते. खबर रचलेली असली तरी कविता जुनी असू शकते. किंबहुना कविता जुनी आणि दुर्बोध असल्यामुळेच तिच्याभोवती खबर रचावी लागते. ताहा हुसेन खबरीचा खोटेपणा दाखवतात आणि निकाल कवितेवर देतात.

संशयाची ही सारी हत्यारे परंपरेच्या भात्यातच होती, याकडे आता वळायला हवे. बसऱ्याचा इब्न सल्लाम अल्-जुमही (मृत्यू इ.स. ८४६) याने ‘तबकात फुहूल अश्-शुअरा’ या ग्रंथात कवींच्या श्रेणी लावल्या. अरबी समीक्षेचा हा उपलब्ध ग्रंथांपैकी अगदी आरंभीचा ग्रंथ, आणि त्याची सुरुवातच बनावट काव्याच्या प्रश्नाने होते. इस्लामी विजयांच्या धामधुमीत पुष्कळ लोक मेले, काव्य हरवले. पुढे स्थैर्य आल्यावर टोळ्यांनी आपली आठवण तपासली, तर काहींच्या वाट्याला फारच थोडे काव्य उरलेले. मग त्यांनी आपल्या कवींच्या तोंडी नवे घातले, आणि रावींनी त्यात आणखी भर टाकली, असे तो सांगतो. पैगंबरचरित्राचा कर्ता इब्न इसहाक याने आद आणि समूद या नष्ट झालेल्या लोकांच्या नावावरही कविता दिल्या, म्हणून इब्न सल्लाम त्याला फटकारतो: ज्यांचा मागमूस उरला नाही त्यांच्या कविता कोणी वाहून आणल्या? ताहा हुसेन यांच्या पाच कारणांपैकी निदान दोन-तीन येथे बीजरूपाने आहेत.

पण इब्न सल्लाम सगळे काव्य नाकारत नाही. तो पारख करणाऱ्याची कल्पना मांडतो. काव्याला इतर कारागिरीसारखीच एक कारागिरी आणि तिचे एक ज्ञान असते, असे तो म्हणतो. त्याने दिलेली खलफ अल्-अहमरची आख्यायिका प्रसिद्ध आहे. कोणी एकाने खलफला म्हटले की, मला कविता ऐकून आवडली तर तुझ्यासारख्या तज्ज्ञांच्या मताची मला पर्वा नाही. खलफने विचारले, तुला एखादा दिरहम आवडला आणि सराफाने तो खोटा ठरवला, तर तुझी आवड तुझ्या काय कामाची? येथे मूळ शब्द ‘सर्राफ’च आहे, मराठीतल्या सराफाचा तो पूर्वज. या आख्यायिकेत एक टोकदार विपर्यास दडलेला आहे. परंपरेने ज्याच्यावर काव्य रचून जुन्यांच्या नावे खपवल्याचा सर्वांत मोठा आरोप ठेवला तो हाच खलफ. नाणे पारखणारा आणि नाणे पाडणारा एकच. आणि यात खरे तर आश्चर्य नाही: ज्याला अस्सल ओळखता येते त्यालाच हुबेहूब नक्कल साधते.

इब्न सल्लामच्याच ग्रंथात दुसरा एक प्रसंग आहे, तो तुलनेने कमी चर्चिला जातो. भाऊ मालिक याच्या मृत्यूवर विलापिका रचणाऱ्या मुतम्मिम इब्न नुवैरा या कवीचा एक वंशज बसऱ्याला आला. अबू उबैदा आदी विद्वानांनी त्याची बडदास्त ठेवली आणि त्याच्याकडून पूर्वजाच्या कविता उतरवून घेतल्या. कविता संपल्या तेव्हा तो नव्या रचून सांगू लागला. त्यांत मुतम्मिमने उल्लेखिलेलीच ठिकाणे आणि प्रसंग होते, पण बोल त्याच्या तोडीचे नव्हते, आणि श्रोत्यांच्या ते ध्यानात आले. हा मनुष्य लबाड होता का? पाहुणचाराचा मोह असेलही. पण घराण्याचा वारसा सांगणाऱ्याला, समोर लेखणी सरसावून बसलेल्या पंडितांसमोर, वारसा संपला असे म्हणणे किती जड गेले असेल याचाही विचार करावा लागतो. संकलनाची मागणीच येथे पुरवठा निर्माण करते. क्षेत्रीय संकलन करणाऱ्या कोणत्याही लोकसाहित्याच्या अभ्यासकाला ही अडचण परिचित आहे. ताहा हुसेन यांच्या ‘इन्तिहाल’ या एकाच सदरात असे प्रसंग, टोळ्यांची राजकीय प्रचाररचना आणि खलफची कलात्मक नक्कल ही सगळी एकत्र कोंबली जातात.

हम्माद अर्-राविया याच्याविषयी तर परंपरेत आरोपांचा ढीग आहे. सात मुअल्लका त्याने एकत्र केल्या असे मानतात. त्या सोन्याच्या अक्षरांत लिहून काबागृहावर टांगल्या होत्या, ही नंतरची दंतकथा. कूफ्याचा प्रामाणिक संग्राहक मुफद्दल अद्-दब्बी याची तक्रार अशी की, हम्मादने काव्य असे बिघडवले की ते आता दुरुस्त होणार नाही, कारण प्रत्येक कवीची शैली त्याला साधत होती. खलिफा अल्-महदीच्या दरबारात हम्मादने झुहैरच्या कवितेच्या आरंभी आपल्या ओळी जोडल्याचे कबूल केले, अशी कथा ‘किताब अल्-अगानी’त आहे. खलिफाने हम्मादला काव्यगुणासाठी आणि मुफद्दलला सत्यासाठी बक्षीस दिले. कथा सुंदर आहे. सौंदर्य आणि सत्य यांना वेगवेगळे मोल देणारा असा न्यायाधीश कोणत्याही समीक्षकाला आवडेल. पण अल्-महदी गादीवर आला इ.स. ७७५मध्ये, आणि हम्मादचे परंपरेने दिलेले मृत्युवर्ष ७७२च्या आसपासचे. नासिरुद्दीन अल्-असद यांनी जाहिली काव्याच्या साधनांवरील १९५६च्या ग्रंथात अशा कथांची कसून तपासणी केली आणि त्यांमागील बसरा-कूफा स्पर्धेकडे लक्ष वेधले. बनावटीची कथाच बनावट असू शकते. ताहा हुसेन यांचा संशय या ठिकाणी अचानक थांबतो: कवितेच्या बाजूने बोलणारी प्रत्येक खबर त्यांना शंकास्पद वाटते, कवितेविरुद्ध बोलणारी खबर ते सहज स्वीकारतात.

असे का झाले असावे? याचे उत्तर शोधताना त्यांच्याच दुसऱ्या पुस्तकाची मदत होते. ‘अल्-अय्याम’ हे त्यांचे आत्मकथन १९२६-२७मध्ये ‘अल्-हिलाल’ मासिकातून क्रमशः येत होते, म्हणजे खटला चालू होता त्याच महिन्यांत. बालपणी दृष्टी गमावलेला हा मुलगा नऊ वर्षांचा होण्याआधीच कुराण मुखोद्गत करतो. पुढे उजळणी राहते आणि एके दिवशी वडील पाहुण्यांसमोर ‘अश्-शुअरा’, म्हणजे ‘कवी’, हे प्रकरण म्हणायला सांगतात. पहिल्या अक्षरांपुढे त्याला काही आठवत नाही. त्याच धाटणीची अक्षरे एकाहून अधिक प्रकरणांच्या आरंभी असल्याने तो अधिकच गोंधळतो. आधुनिक अरबी गद्यातील हा एक अविस्मरणीय प्रसंग आहे. विस्मरण कसे होते, सारख्या आरंभांमुळे स्मृती एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर कशी घसरते, हे ज्याने इतक्या अचूकपणे लिहिले, तोच रावींच्या स्मृतीतील प्रत्येक घसरणीला लबाडी म्हणतो. ताहा हुसेन यांचे सारे वाचन कानाने झाले. दुसऱ्यांनी वाचून दाखवलेलेच त्यांनी ऐकले आणि आपले ग्रंथ तोंडी सांगून लिहवले. मौखिक व्यवहार त्यांच्याइतका जवळून जाणणारा समीक्षक विरळा. तरीही सिद्धान्तात ते छापील पुस्तकाची कल्पना घेऊन आले: एक कवी, एक पाठ, एक तारीख, त्यात बदल म्हणजे भ्रष्टता. कदाचित आठवणीचा दुबळेपणा ज्याला अंगावर सोसावा लागला आहे, त्याला आठवणीवर उभी असलेली विद्या असह्य वाटत असेल. हा तर्क आहे, आणि तो तेवढ्यावरच ठेवणे बरे.

विस्मरण आणि बनावट यांच्या मधला प्रदेश अरबी परंपरेला ठाऊक होता. उमय्याकालीन कवी झुर् रुम्मा (मृत्यू इ.स. ७३५) याने ईसा इब्न उमर या व्याकरणकाराला सांगितल्याची नोंद जाहिझने केली आहे. माझे काव्य लिहून ठेव, असे तो म्हणाला. रात्रभर शोधून मी जो शब्द मिळवतो तो बदाऊनी विसरतो आणि त्याच वजनाचा दुसरा शब्द तेथे बसवून म्हणतो. पुस्तक मात्र विसरत नाही आणि शब्दाच्या जागी शब्द ठेवत नाही. या एका उद्गारात मौखिक काव्याचे अख्खे शास्त्र आहे. वृत्त मोडत नाही, आशय फारसा ढळत नाही, पण शब्द बदलतो. आणि बदलणारा स्वतःला कवीचा विश्वासू वाहकच समजत असतो. त्याच वेळी, नेमका शब्द आपला आहे ही कर्तृत्वाची तीव्र जाणीवही कवीला आहे.

मिल्मन पॅरी आणि आल्बर्ट लॉर्ड यांचा मौखिक रचनेचा सिद्धान्त जाहिली काव्याला लावण्याचे प्रयत्न १९७०च्या दशकात झाले: जेम्स मन्रो यांचा १९७२चा निबंध आणि मायकल झ्वेटलर यांचा १९७८चा ग्रंथ. ठरीव पदबंध, ठरीव आरंभ (उठून गेलेल्या तळाच्या खुणा, प्रियेची आठवण, उंटिणीचे वर्णन), पाठभेदांची विपुलता हे सारे या सिद्धान्ताने उलगडते, आणि मुख्य म्हणजे पाठभेद हा गुन्ह्याचा पुरावा राहत नाही. तथापि युगोस्लाव गायकांची हजारो ओळींची आख्याने आणि अरबी कसीदा यांत अंतर आहे. कसीदा बहुधा शंभर ओळींच्या आतला, अवघड वृत्तातला, आरंभापासून अखेरपर्यंत एकाच यमकाचा. झुहैरच्या काही कविता ‘हौलिय्यात’, म्हणजे वर्षभर घासून काढलेल्या, म्हणून ओळखल्या जातात. सादर करता करता रचण्याच्या कल्पनेत हे बसत नाही. जर्मन अभ्यासक ग्रेगोर शोएलर यांनी सुचवलेला मार्ग अधिक समतोल आहे: लेखन होते, पण आठवणीला टेकू देणाऱ्या टिपणांच्या रूपात, प्रकाशन मात्र मुखाने होत असे. मौखिक आणि लिखित ही दोन युगे नसून एकाच व्यवहारातील दोन कामे होती.

या दृष्टीने १९२७च्या आवृत्तीतील एक भाग पुन्हा वाचण्याजोगा आहे. मुदर टोळ्यांच्या काव्याविषयी बोलताना ताहा हुसेन औस इब्न हजर, झुहैर, कअब आणि हुतैआ यांना एका ‘पंथा’त बसवतात. परंपरा सांगते की झुहैर हा औसचा रावी होता, कअब आणि हुतैआ हे झुहैरचे. साखळी पुढे जमील आणि कुसैय्यिर या प्रेमकवींपर्यंत जाते. रावी हा कवीचा शिष्य असतो, आणि शिष्य उद्याचा कवी असतो. प्रतिमा घडवण्याच्या समान रीतीवरून, इंद्रियगोचर आणि ठसठशीत वर्णनाच्या सवयीवरून, या कवींचे काव्य एकमेकांना आधार देते, असे ते दाखवतात. येथे त्यांची समीक्षा १९२६च्या खंडनाहून कितीतरी समृद्ध झाली आहे. सुट्या कवितेचे प्रामाण्य विचारण्याऐवजी ते घराण्याचे प्रामाण्य विचारतात. नामदेवगाथेतील विष्णुदास नाम्याच्या अभंगांचा गुंता ज्यांनी हाताळला आहे, त्यांना या पावलाचे मोल वेगळे सांगायला नको. खेद एवढाच की हे पाऊल पुस्तकाच्या उत्तरार्धात टाकले गेले आणि पूर्वार्धातील निकाल जसाच्या तसा राहिला.

मूल्याचा प्रश्न उरतोच. शनफरा या बहिष्कृत, वाटमाऱ्या कवीच्या नावावरील ‘लामिय्यत अल्-अरब’ ही कविता जाहिली मनाचा परमोत्कर्ष म्हणून गणली जाते. माणसांचे गोत सोडून लांडगा, बिबट्या आणि तरस यांच्याशी नाते जोडणारा तिचा नायक युरोपलाही भुरळ घालून गेला. आणि दहाव्या शतकात अल्-काली आपला गुरू इब्न दुरैद याच्या हवाल्याने सांगतो की, ही कविता खलफ अल्-अहमरची आहे. अभ्यासकांत अजून एकमत नाही. ती खलफची असेल तर बसऱ्यातल्या विद्वानाने वाळवंटातल्या वाटमाऱ्याचा आवाज निर्माण केला असे होते. दुसऱ्या शब्दांत, हे नाट्यात्म एकभाषित ठरते आणि खलफ हा तोतया न राहता थोर कवी ठरतो. तिची थोरवी कमी होत नाही. पण शाहिद म्हणून मात्र ती बाद होते. काव्य म्हणून मोल आणि साक्ष म्हणून मोल या दोन वेगळ्या मोजण्या आहेत, आणि परंपरेने त्या एकाच तागडीत घातल्या होत्या. ताहा हुसेन यांच्या वादाने ही तागडी दुभंगली, हे त्यांचे खरे ऋण. पुढे ‘हदीस अल्-अरबिआ’मधील १९३०च्या दशकातील लेखांत ते लबीद, तरफा, झुहैर यांच्या कविता, जुन्या काव्याला कंटाळलेल्या एका मित्राशी संवाद करीत, अतिशय प्रेमाने उलगडून दाखवतात. प्रामाण्याचा प्रश्न तेथे जवळजवळ उपस्थितच होत नाही. ही माघार होती असे काहींना वाटते. ते तितकेसे पटत नाही. वकिलाने झगा उतरवल्यावर वाचक दिसू लागला, एवढेच.

संपादनाच्या क्षेत्रात या वादाचा परिणाम शांतपणे झाला. मुहम्मद अबुल फद्ल इब्राहिम यांनी १९५८ साली कैरोत इम्रुल कैसचा दीवान संपादित केला तेव्हा सर्व हस्तलिखिते एकत्र घोटून एक ‘मूळ’ पाठ सिद्ध करण्याचा मोह टाळला. आधी अस्मईच्या रिवायेतील कविता, मग मुफद्दलच्या रिवायेत अधिक सापडणाऱ्या, मग इतर प्रतींतील, असा क्रम त्यांनी ठेवला. कवितेला कवीच्या नावाबरोबरच ती कोणाच्या मुखातून आली त्याचेही नाव मिळाले. याच कवीच्या मुअल्लकेच्या ओळी निरनिराळ्या पाठांत सुमारे ७७ ते ८२ भरतात. त्यांत चार ओळी अशा आहेत की त्यांतला माणूस खांद्यावर पाण्याची पखाल वाहतो आणि ओसाड दरीत ओरडणाऱ्या भुकेल्या लांडग्याला म्हणतो की, आपण दोघेही सारखेच कफल्लक. सुक्करीने त्या इम्रुल कैसच्या म्हणून घेतल्या. अस्मईसारख्यांच्या मते त्या तअब्बत शर्रन या वाटमाऱ्या कवीच्या. राजपुत्राच्या खांद्यावर पखाल शोभत नाही, हे खरे. पण राज्य गेलेल्या राजपुत्राच्या तोंडी त्या ओळी ज्या कोणा रावीने प्रथम घातल्या, त्याला तो राजपुत्र त्या दरीत दिसला होता.